दुष्काळाची बेगमी जमिनीखाली, पण पैसे कुणाचे?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात सॅन अँटोनिओ हे साधारण पंधरा लाख वस्तीचं शहर आहे. तिथल्या हवामानाच्या बातम्यांत तापमानाबरोबर एका विहिरीची पातळीही सांगतात. विहिरीचं नाव जे-१७. ती फोर्ट सॅम ह्यूस्टन या लष्करी तळाच्या आवारात आहे. तिच्यातल्या पाण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची ६६० फुटांच्या खाली गेली की पाणीकपातीचा पहिला टप्पा लागतो, ६५० च्या खाली दुसरा, ६४० च्या खाली तिसरा. पहिल्या टप्प्यात भूजलाचा परवाना असलेल्यांना उपसा २० टक्क्यांनी कमी करावा लागतो, तिसऱ्यात ३५ टक्क्यांनी. हॉटेलवाल्यापासून बागेला पाणी घालणाऱ्या आजोबांपर्यंत सगळ्यांना हा आकडा ठाऊक असतो.

या शहराने २००४ पासून एक काम चिकाटीने चालवलं आहे. पाऊसपाणी बरं असतं तेव्हा जास्तीचं पाणी विहिरींतून जमिनीखाली सोडायचं आणि टंचाईत त्याच विहिरींतून परत वर काढायचं. त्यामागचं तंत्र फार अवघड नाही. अवघड आहे ते पैशांचं गणित. जे पाणी आज कुणी पिणार नाही, कदाचित पुढची पाच वर्षंही पिणार नाही, ते साठवायला आज पैसे कुणी द्यायचे? मला या प्रकल्पात सगळ्यात जास्त रस आहे तो याच प्रश्नात, कारण त्याचं उत्तर सॅन अँटोनिओने बऱ्यापैकी प्रामाणिकपणे शोधलं आहे.

आधी जमिनीखाली काय आहे ते पाहू. शहराचं मुख्य पाणी येतं एडवर्ड्स नावाच्या जलधरातून, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीखालच्या थरातून. हा चुनखडीचा, भेगा आणि पोकळ्यांनी भरलेला खडक आहे. पाऊस झाला की तो झपाट्याने भरतो आणि तितक्याच झपाट्याने झऱ्यांवाटे रिकामा होतो. त्यात पाणी साठवून ठेवायचं म्हटलं तर ते जागेवर राहणार नाही. शहराच्या दक्षिणेला मात्र कॅरिझो नावाचा वेगळा जलधर आहे, वाळूचा. वाळूतून पाणी फार हळू सरकतं. तिथे सोडलेलं पाणी वर्षानुवर्षं जवळपास तिथेच राहतं. म्हणून एडवर्ड्सचं पाणी उपसायचं, नळाने दक्षिणेला न्यायचं आणि कॅरिझोच्या वाळूत शेकडो फूट खोल सोडायचं, असा हा प्रकार आहे. यासाठी जवळजवळ तीस विहिरी आहेत. साठवण्याची क्षमता सुमारे २ लाख एकर-फूट मानली जाते. एक एकर जमिनीवर एक फूट उंचीचं पाणी म्हणजे एक एकर-फूट, साधारण १२ लाख ३३ हजार लिटर. २ लाख एकर-फूट म्हणजे आपल्या भाषेत ८.७ टीएमसी, पानशेत धरणापेक्षा थोडं कमी. फरक इतकाच की याला भिंत नाही, बुडीत क्षेत्र नाही आणि उन्हाने एक थेंब उडत नाही. त्याच भागातलं मेदिना तलाव नावाचं धरण १९१३ साली बांधलेलं. अलीकडच्या दुष्काळात ते ५ टक्क्यांच्याही खाली गेलं होतं.

शहराला ही उठाठेव का करावी लागली, हे कळल्याशिवाय पैशांचा भाग कळत नाही. एडवर्ड्सच्या पाण्यावर कोमाल आणि सॅन मार्कोस हे दोन मोठे झरे वाहतात. १९५० च्या दशकातल्या भीषण दुष्काळात, १९५६ साली, कोमालचा झरा सलग १४४ दिवस बंद पडला. या झऱ्यांत असे छोटे मासे आणि आंधळे सॅलमँडर राहतात की जे जगात दुसरीकडे जवळजवळ कुठेच नाहीत. १९९१ मध्ये सिएरा क्लब ही पर्यावरण संघटना कोर्टात गेली. झरे आटू देणं म्हणजे संकटग्रस्त प्रजाती संरक्षण कायद्याचा भंग आहे, असं तिचं म्हणणं. १९९३ मध्ये न्यायाधीश ल्युशियस बंटन यांनी ते मान्य केलं. तुम्ही उपशाला लगाम घाला, नाहीतर केंद्र सरकार घालेल, अशी वेळ टेक्सासवर आली. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने एडवर्ड्स जलधर प्राधिकरण स्थापन केलं आणि ज्या जलधरातून कुणीही कितीही पाणी उपसत होतं, त्यावर परवाने आणि वरची मर्यादा आली. आज ही मर्यादा वर्षाला ५ लाख ७२ हजार एकर-फूट आहे.

परवान्यातलं पाणी त्या-त्या वर्षापुरतं असतं. ३१ डिसेंबरपर्यंत जे उपसलं नाही, त्याचा हक्क बुडाला. हिवाळ्यात आणि भरपूर पावसाच्या वर्षी शहराची मागणी कमी असते, म्हणून परवान्यातलं पाणी शिल्लक राहतं. पूर्वी ही शिल्लक वाया जायची. आता ती उपसून कॅरिझोत जमा करता येते. थोडक्यात, शहराने नवं पाणी शोधलं नाही. हक्काचं पण वेळेवर न लागणारं पाणी पुढच्या वर्षांत ढकलायची सोय केली.

धरण का नाही बांधलं, असं कुणी विचारेल. बांधायला घेतलं होतं. ॲपलव्हाइट नावाच्या जलाशयाचं काम सुरूही झालं होतं. १९९१ मध्ये मतदारांनी ते नाकारलं. १९९४ मध्ये वेगळ्या रूपात पुन्हा मतदानाला आणलं, तेव्हाही नाकारलं. पाण्याचा दर्जा, खर्च आणि महापालिकेवरचा अविश्वास ही तिन्ही कारणं त्यात होती. लोकांनी दोनदा 'नाही' म्हटल्यावर पाणीपुरवठा संस्थेला समजलं की पैसे मागायचे तर कशासाठी मागतो आहोत हे वेगळं करून दाखवावं लागेल.

जमीन कशाला विकत घ्यायची?

या प्रकल्पासाठी शहराने दक्षिण बेक्सार काउंटीत सुमारे ३,२०० एकर जमीन घेतली. तीस विहिरींना इतकी जागा लागत नाही. मग घेतली का? यामागे टेक्सासचा एक जुना कायदा आहे.

१९०१ साली एका रेल्वे कंपनीने इंजिनांसाठी मोठी विहीर खणली आणि शेजारच्या घरमालकाची छोटी विहीर कोरडी पडली. तो कोर्टात गेला आणि १९०४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरला. आपल्या जमिनीखालचं पाणी जो उपसेल त्याचं, शेजाऱ्याला त्रास झाला तरी, असा दंडक त्या निकालाने घातला. आता कल्पना करा: शहराने पैसे खर्चून पाणी खाली सोडलं आणि कुंपणापलीकडच्या शेतकऱ्याने बोअर मारून ते काढून घेतलं, तर त्याला चोर कसं म्हणणार? साठवलेलं पाणी जिथवर पसरेल तिथवरची वरची जमीनच आपली असेल, तर हा प्रश्न उरत नाही. म्हणजे या प्रकल्पाच्या खर्चात जमिनीची जी किंमत आहे, त्यातला मोठा भाग खरं तर मालकीहक्काची किंमत आहे. पुढे २०१५ मध्ये राज्याने अशा प्रकल्पांच्या परवानगीचे नियम सुटसुटीत केले, पण पहिल्यांदा हे धाडस करणाऱ्याला कुंपण स्वतःच घालावं लागलं.

शेजाऱ्यांची बाजूही खरी होती. शहर इथून कॅरिझोचं मूळचं पाणीही काही प्रमाणात उपसतं. त्यामुळे आसपासच्या घरगुती विहिरींची पातळी खाली गेली तर पंप खाली उतरवून देणं किंवा विहीर दुरुस्त करून देणं हेही शहराने अंगावर घेतलं. हा खर्च कुठल्याही अंदाजपत्रकात छोटाच दिसतो. पण तो नसता, तर गावाकडचे लोक या प्रकल्पाला शेवटपर्यंत 'शहराने आमचं पाणी नेलं' असंच म्हणत राहिले असते, आणि त्यांचं चुकलंही नसतं.

न वापरलेल्या पाण्याचा दर

आता आकड्यांकडे. खाली दिलेलं गणित समजण्यासाठी घेतलेलं आहे, सॅन अँटोनिओचं नाही.

समजा विहिरी, नळ, पंप, शुद्धीकरण आणि जमीन मिळून १०० कोटींचं काम आहे. ५ टक्के व्याजाने ३० वर्षांसाठी कर्ज काढलं तर दरवर्षी सुमारे साडेसहा कोटींचा हप्ता बसतो. एकूण परतफेड १९५ कोटींच्या आसपास. हप्ता दरवर्षी भरावा लागतो, पाऊस पडो वा न पडो. पण साठवलेलं पाणी दहापैकी तीनच वर्षं लागलं असं धरू, आणि त्या प्रत्येक वर्षी एक कोटी घनमीटर उपसलं. मग दहा वर्षांचे ६५ कोटी तीन कोटी घनमीटरांवर वाटले जातात. घनमीटरला, म्हणजे हजार लिटरला, जवळजवळ २२ रुपये, आणि ते फक्त हप्त्यापोटी. हेच पाणी दहाही वर्षं उपसलं असतं तर साडेसहा रुपये. कागदावर हा प्रकल्प नेहमी महाग दिसतो तो यामुळे. दर लिटरला किती, असं विचारून त्याची किंमत कळत नाही, कारण हा विम्याचा हप्ता आहे.

त्यात आणखी एक मेख आहे. साठा किती आहे आणि दिवसाला किती काढता येतो, या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींचे पैसे निराळे लागतात. सॅन अँटोनिओच्या विहिरींची उपसण्याची क्षमता दिवसाला सुमारे ६ कोटी गॅलन, म्हणजे साडेबावीस कोटी लिटरांच्या घरात. पूर्ण भरलेला साठा या वेगाने रिकामा करायला जवळपास तीन वर्षं लागतील. दुष्काळ लांबला तर हे फारच चांगलं. पण एखाद्या उन्हाळ्यात अचानक दुप्पट पाणी लागलं, तर खाली कितीही असलं तरी नळ आणि पंप जेवढं देतील तेवढंच मिळणार. साठा वाढवायला फक्त जास्त पाणी सोडावं लागतं. वेग वाढवायला मात्र नव्या विहिरी, मोठे नळ आणि पंप, म्हणजे पुन्हा कर्ज. शिवाय वीज दोनदा लागते, एकदा खाली सोडताना आणि एकदा वर काढताना.

हा हप्ता भरायचा कुठून? शहराने २००० साली बिलात एक वेगळी ओळ घातली: पाणीपुरवठा शुल्क. नेहमीच्या पाणीपट्टीपासून वेगळं, फक्त नवे जलस्रोत उभारण्यासाठी. नगर परिषदेने ते मंजूर केलं आणि ते एकदम न लावता टप्प्याटप्प्याने वाढवलं. या ओळीने दोन कामं केली. लोकांना आपण कशासाठी भरतो ते दिसलं, आणि कर्ज देणाऱ्यांना परतफेडीची खात्रीची धार दिसली. पाणीपुरवठा संस्था शहराच्या मालकीची आहे, पण तिचे कर्जरोखे मालमत्ता कराच्या जोरावर निघत नाहीत. ते बिलातून येणाऱ्या उत्पन्नाच्या जोरावर निघतात. रोखे घेणाऱ्याला अट अशी घालून दिलेली असते की हप्त्यापेक्षा ठरावीक पटीने जास्त उत्पन्न राहील इतका दर संस्था ठेवेल. म्हणजे दरवाढ टाळण्याची राजकीय सोय थोडी कमी होते. मला हे चांगलं वाटतं. नळदुरुस्तीचे पैसे निवडणुकीच्या वर्षी कापले जातात, हे आपण खूप पाहिलं आहे.

तरीही ही रचना पूर्ण सुरक्षित नाही. पाऊस चांगला झाला की बागांना पाणी लागत नाही, वापर घटतो, उत्पन्न घटतं, आणि नेमकं तेव्हाच साठवण्यासाठी पंप चालवायचे असतात. दुष्काळ आला की निर्बंधांमुळे पुन्हा वापर घटतो, आणि तेव्हा साठा उपसायचा खर्च वाढतो. दोन्हीकडून उत्पन्न आणि खर्च उलट दिशांना चालतात. म्हणून बिलात थोडा भाग वापरावर न ठरणारा, स्थिर ठेवावा लागतो. पण स्थिर भाग वाढवला की कमी पाणी वापरणाऱ्या गरीब घरावर तो जास्त बोजा होतो. सॅन अँटोनिओने यावर चढत्या दरांचा मार्ग घेतला. स्वयंपाक, आंघोळ, कपडे एवढ्यापुरतं पाणी स्वस्त आणि हिरवळीवर उडवलेलं पाणी महाग. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना बिलात सवलतही आहे. शहर वाढतं आहे त्याचा भार जुन्या रहिवाशांवर पडू नये म्हणून नव्या जोडणीला एकरकमी विकास शुल्क लागतं. त्यात पाणीस्रोताचा वाटा वेगळा दाखवलेला असतो, आणि राज्याच्या कायद्याप्रमाणे ही आकारणी किमान दर पाच वर्षांनी नव्याने तपासावी लागते.

झऱ्यांसाठी शेजाऱ्यांचाही वाटा

या कहाणीतला मला सर्वांत आवडलेला भाग २०१३ नंतरचा आहे. त्या वर्षी केंद्राच्या वन्यजीव खात्याने झऱ्यांच्या रक्षणासाठी एका सामाईक योजनेला १५ वर्षांची परवानगी दिली. योजनेत प्राधिकरण आहे, सॅन अँटोनिओची पाणीपुरवठा संस्था आहे, झऱ्यांकाठची न्यू ब्राउनफेल्स आणि सॅन मार्कोस ही शहरं आहेत आणि टेक्सास स्टेट विद्यापीठ आहे. यात सॅन अँटोनिओची जमिनीखालची तिजोरी मध्यवर्ती ठरली.

व्यवस्था अशी. प्राधिकरण परवानाधारकांकडून ५० हजार एकर-फुटांपर्यंतचे हक्क भाड्याने घेतं. ते पाणी चांगल्या वर्षांत कॅरिझोत जमा होतं. १९५० च्या दशकासारखा दुष्काळ आला की सॅन अँटोनिओ आपला एडवर्ड्सचा उपसा कमी करतं, ती तूट जमिनीखालच्या साठ्यातून भरून काढतं, आणि एडवर्ड्समध्ये राहिलेलं पाणी झऱ्यांना मिळतं. झऱ्यांपर्यंत कुणीही नळ टाकलेला नाही. शहराने न उपसलेलं पाणीच झऱ्यातून वाहतं. पाणी भाड्याने घेण्याचा खर्च प्राधिकरण उचलतं, साठवण्या-उपसण्याच्या खर्चातही वाटा देतं, आणि हे पैसे येतात जलधरातून उपसणाऱ्या सगळ्या नगरपालिका आणि उद्योगांवर लावलेल्या शुल्कातून. शेतीला कायद्याने एकर-फुटाला फक्त २ डॉलरची मर्यादा आहे. मोठा भार शहरी ग्राहकांवर, त्यातही सॅन अँटोनिओवरच पडतो. पण तो एकट्यावर पडत नाही, हे महत्त्वाचं.

याच योजनेत शेतकऱ्यांसाठी आणखी एक तरतूद आहे. सिंचनाचा परवाना असलेला शेतकरी दुष्काळात पाणी न उपसण्याचा करार करतो. त्याबदल्यात त्याला दरवर्षी ठरावीक रक्कम मिळते, थांबायची वेळ आली नाही तरी. १ ऑक्टोबरला जे-१७ ची पातळी ६३५ फुटांवर किंवा खाली असली, तर पुढच्या वर्षी त्याने सिंचन थांबवायचं आणि त्या वर्षी मोबदला बराच जास्त. तयार राहण्यालाही किंमत असते आणि ती रोख द्यावी लागते, हे इथे कागदावर मान्य केलेलं आहे.

राज्याचा पैसा कुठे येतो? टेक्सास सहसा अनुदान वाटत नाही, स्वस्त कर्ज देतं. २०१३ मध्ये मतदारांनी राज्याच्या राखीव गंगाजळीतून २ अब्ज डॉलर जलप्रकल्पांच्या कर्जनिधीसाठी काढायला मान्यता दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी विक्रीकरातून २०२७ पासून वीस वर्षं दरवर्षी १ अब्ज डॉलरपर्यंत रक्कम पाण्यासाठी राखून ठेवण्याची घटनादुरुस्ती मंजूर केली. स्वस्त कर्ज म्हणजे फुकट पैसा नव्हे. वरच्या उदाहरणातलं व्याज ५ ऐवजी ३ टक्के झालं तर वार्षिक हप्ता साडेसहा कोटींवरून जवळपास पाच कोटी दहा लाखांवर येतो. मुद्दल मात्र बिल भरणाऱ्यालाच फेडायचं असतं.

याच शहराने दुसऱ्या एका प्रकल्पात उलटा मार्गही वापरून पाहिला. व्हिस्टा रिज ही १४२ मैलांची जलवाहिनी २०२० मध्ये सुरू झाली. ती खाजगी कंपनीने बांधली आणि शहर येणाऱ्या पाण्याचे पैसे तीस वर्षं देणार. बांधकामाची जोखीम कंपनीची. पण पाणी देऊ केलं की शहराला ते गरज असो वा नसो घ्यावंच लागतं. हे जास्तीचं पाणी परवडलं त्याचं एक कारण म्हणजे ते शहरात वापरून वाचलेलं एडवर्ड्सचं पाणी कॅरिझोत जमा करता येतं. जमिनीखालची जागा आधी नसती, तर या कराराचा तोटा बराच जास्त झाला असता, असं माझं मत आहे.

आपल्याकडे हे कितपत लागू?

जसंच्या तसं फारसं नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा आहे, कॅरिझोसारखी जाड वाळू त्यात नाही. अपवाद तापी खोऱ्याचा. सातपुड्याच्या पायथ्याला, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात, गाळाचे आणि दगडगोट्यांचे खोल थर आहेत आणि तिथलं भूजल वर्षानुवर्षं खाली गेलं आहे. १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी भोपाळमध्ये तापी महापुनर्भरण प्रकल्पाचा, म्हणजे तापीचं पाणी कालव्यांनी नेऊन जमिनीत मुरवण्याचा, करार केला. अंदाजित खर्च १९,२४४ कोटी रुपये.

इथे पाणी एका शहराच्या तिजोरीत जाणार नाही, हजारो विहिरींच्या खाली पसरणार. आणि आपला कायदा त्या १९०४ च्या टेक्सासच्या निकालापासून फार लांब नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार जमिनीखालचं पाणी काढण्याचा हक्क जमीनमालकाकडे जातो. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे, पण शिवारात फिरून पाहिलं तर त्यापेक्षा कितीतरी खोल बोअर सर्रास दिसतात. सार्वजनिक पैशाने भरलेलं पाणी सगळ्यात खोल बोअर असलेल्याच्या शेतात जाऊ नये असं वाटत असेल, तर गावनिहाय पातळीची विहीर, रोज जाहीर होणारा आकडा, आणि त्या आकड्याला बांधलेला उपसा हे प्रकल्पाच्या खर्चात पहिल्या दिवसापासून धरावं लागेल. १९,२४४ कोटींच्या कामात त्याचा भार अगदी किरकोळ असेल, आणि कालवे पूर्ण झाल्यावर तो मागायला गेलं तर कुणी देणार नाही.